शर्यत गेली, ट्रॅक उरला

अधूनमधून बातमी येतेच, की फॉर्म्युला वन भारतात परतणार. कुणी मंत्री आशा दाखवतात, कुणी उद्योगपती चाचपणी चालू असल्याचं सांगतात, आणि सेबास्टियन व्हेटेलचा तो जुना व्हिडिओ पुन्हा मोबाइलवर फिरू लागतो. २७ ऑक्टोबर २०१३चा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर सलग तिसरी शर्यत आणि तिच्यासोबत सलग चौथं जगज्जेतेपद जिंकून त्यानं गाडी मुख्य स्टँडसमोर गरागरा फिरवली, खाली उतरला आणि तिच्यापुढे गुडघे टेकून वाकला. गाडी थेट पार्किंगमध्ये न नेल्याबद्दल २५ हजार युरोंचा दंड झाला. भारतातली फॉर्म्युला वन त्या धुरातच संपली.

ती परत आणण्यासाठी सरकारनं एक रुपया किंवा एक गुंठा जमीन देऊ नये, असं माझं मत आहे. आणि तो ट्रॅक मात्र कुठल्याही परिस्थितीत मोडू देऊ नये, असंही आहे. शर्यत आणि ट्रॅक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे कुणी लक्षातच घेत नाही. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आधी हिशेब पाहू. सर्किटची कंपनी आणि फॉर्म्युला वनचे हक्क सांभाळणारी ब्रिटिश कंपनी यांच्यातला करार पुढे करांच्या वादात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, म्हणून त्यातला आकडा जगजाहीर झाला: शर्यत भरवण्याच्या हक्कापोटी ४ कोटी डॉलर. २०११च्या ऑक्टोबरात डॉलर ४९ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे १९६ कोटी रुपये. २०१३च्या ऑगस्टात रुपया घसरून डॉलर ६८पर्यंत गेला. शर्यतीच्या सुमाराला ६१-६२वर स्थिरावला. तेवढीच फी धरली तरी ती दोन वर्षांत २४५ कोटींच्या घरात गेली. फी डॉलरमध्ये आणि तिकीट रुपयांत! बरं, टीव्हीचे हक्क, ट्रॅकभोवतीच्या जाहिराती, पॅडॉकमधला, म्हणजे संघांच्या तळावरचा, बड्या पाहुण्यांचा पाहुणचार या सगळ्या मलईदार गोष्टी फॉर्म्युला वनकडे. यजमानाच्या हाती उरतं ते मुख्यतः तिकीट. पहिल्या वर्षी शर्यतीच्या दिवशी सुमारे ९५ हजार लोक आले, तिसऱ्या वर्षी ६० हजारांच्या आसपास. भागाकार करून बघा. २०१३मध्ये नुसती फी भरून निघायला माणशी ४० हजार रुपये हवे होते. पहिल्या वर्षीची तिकिटं होती अडीच हजारांपासून ३५ हजारांपर्यंत. प्रत्येक प्रेक्षकानं सर्वांत महाग तिकीट काढलं असतं, तरी भागलं नसतं. वर बांधकामाचे दोन हजार कोटी, त्यांचं व्याज, वीज, पाणी, सुरक्षा. हा धंदा बुडाला याचं आश्चर्य वाटायला नको. तो तीन वर्षं चालला याचं वाटायला हवं.

मग सर्किट बांधणाऱ्या जेपी समूहानं यात उडी का घेतली? कारण शर्यत हा धंदा नव्हताच. धंदा होता जमिनीचा. यमुना एक्सप्रेसवेच्या कडेला औद्योगिक विकास प्राधिकरणाकडून एक हजार हेक्टर जमीन मिळाली. ‘स्पोर्ट्स सिटी’ असं नाव, त्यात क्रिकेटचं मैदान, घरं, दुकानं आणि मधोमध मुकुटातल्या हिऱ्यासारखं सर्किट. जगाचे कॅमेरे इथं आले की भोवतालच्या फ्लॅटचा भाव चढणार, अशी ती सरळ गणितं. या कथेच्या सुरुवातीला आपला पुणेकर माणूसही आहे. २००७मध्ये फॉर्म्युला वनचे तेव्हाचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन यांच्याशी प्राथमिक करार झाल्याचं जाहीर झालं ते भारतीय ऑलिंपिक संघटनेकडून, आणि तिचे अध्यक्ष होते सुरेश कलमाडी. तेव्हा शर्यत २००९मध्ये होणार होती. ती झाली ३० ऑक्टोबर २०११ला.

ट्रॅक म्हणून ते काम अव्वल झालं, हे मान्य करायलाच हवं. हर्मान टिल्के या जर्मन आराखडाकारानं गंगा-यमुनेच्या सपाट दुआबात लाखो टन माती हलवून चढउतार उभे केले. ५.१२५ किलोमीटर लांबी, १६ वळणं. तिसऱ्या वळणाला चढ, पुढे किलोमीटरभराचा सरळ पट्टा, आणि दहा-अकरा-बाराचं ते लांबलचक, एका बाजूला झुकलेलं वळण, जिथं गाडी सोडतच नाही, वळतच राहते. चालकांनी त्याचं मनापासून कौतुक केलं. पहिल्याच सराव सत्रात ट्रॅकवर कुत्रं शिरलं आणि लाल झेंडा दाखवून सराव थांबवावा लागला, याची जगभर चेष्टा झाली. त्या कुत्र्यावर जितकं लिहिलं गेलं, त्याच्या निम्मंही त्याच जिल्ह्यातल्या भट्टा-परसौलबद्दल आपल्या क्रीडा पानांवर आलं नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात यमुना एक्सप्रेसवेच्या पट्ट्यातल्या भूसंपादनाच्या मोबदल्यावरून तिथं गोळीबार झाला होता. दोन शेतकरी आणि दोन पोलीस गेले. ते आंदोलन सर्किटविरुद्ध नव्हतं, पण जमीन त्याच एक्सप्रेसवेच्या पट्ट्यातली आणि घेणारं सरकारही तेच.

आणि सरकारचं मत काय? तर सरकारला मतच नव्हतं. केंद्रीय क्रीडा मंत्रालयानं २००९मध्ये म्हटलं, की हा खेळ नाही, करमणूक आहे, म्हणून फीचे पैसे परदेशी पाठवायला आमची शिफारस नाही. उत्तर प्रदेश सरकारनं नेमकं उलटं केलं: हा खेळ आहे म्हणून करमणूक कर माफ. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली आणि पहिल्या शर्यतीच्या नऊ दिवस आधी न्यायालयानं तिकीटविक्रीची २५ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितलं. दिल्लीत करमणूक, लखनौत खेळ! संघांचं सामान आलं की सीमाशुल्काचा प्रश्न, चालक आले की प्राप्तिकराचा. २०१४ची शर्यत आधी पुढे ढकलली गेली, मग विसरली गेली. एप्रिल २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की शर्यतीच्या काळात ते सर्किट म्हणजे त्या ब्रिटिश कंपनीचं भारतातलं कायमचं आस्थापनच होतं, तेव्हा इथला कर लागणार. निकाल मला योग्य वाटतो. आपल्या मातीवर पैसा कमवायचा तर कर भरा. पण पाच वर्षांच्या करारातल्या तीन शर्यती होऊन गेल्यावर, तिसरीनंतरही साडेतीन वर्षांनी आपल्याला नियम कळला, याला काय म्हणावं?

आता चेन्नईकडे वळू, कारण या विषयातला खरा धडा तिथं आहे आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

चेन्नईच्या उत्तरेला शोलावरम नावाच्या गावी दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी पडून होती. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच हौशी लोक तिथं मोटारी आणि मोटारसायकली पळवू लागले. १९५३मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि शोलावरमच्या शर्यती हा मद्रासच्या वर्षातला सण बनला. संस्थानिक यायचे, कोलकात्याचे गाडीवाले यायचे, विजय मल्ल्या फॉर्म्युला वनची जुनी एन्साइन घेऊन यायचे. त्यांच्याच बाजूला घरच्या गॅरेजमध्ये फियाट किंवा हेरल्ड सोलून, तिचं इंजिन खरवडून आणलेले मेकॅनिक असायचे. ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनचा जन्मही असाच लष्करी धावपट्टीवर झाला. १३ मे १९५०ला जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत तिथंच झाली. सुरुवात दोघांची सारखी. त्यांच्यामागे एक उद्योग उभा राहिला, आपल्याकडे परवाना राज होतं. गाडीचे दोन-तीनच नमुने मिळायचे आणि त्यांच्यासाठीही वर्षानुवर्षं रांग.

तरीही त्या क्लबनं एक गोष्ट केली, जी पुढे कुठल्याही सरकारला जमली नाही. धावपट्टी कायम आपली राहणार नाही हे ओळखून त्यांनी श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई इथं जमीन घेतली आणि ३.७ किलोमीटरचा स्वतःचा ट्रॅक बांधला. १९९०मध्ये तिथं शर्यती सुरू झाल्या. नंतर शेजारीच ह्युंदाईचा कारखाना आला, तो पट्टा देशातल्या मोठ्या वाहन केंद्रांपैकी एक झाला, जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले. ट्रॅक जागेवर राहिला. कारण मालक शर्यतवाले होते. त्यांना ट्रॅक विकून काय करायचं होतं?

त्याच काळात कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८००चं इंजिन घेऊन एका आसनाची शर्यतीची गाडी बनवली, फॉर्म्युला मारुती. भारतातल्या मोटर रेसिंगमधली सर्वांत मोठी घटना कोणती असं मला विचारलं, तर मी २०११ची फॉर्म्युला वन शर्यत सांगणार नाही, ही गाडी सांगेन. तोवर शर्यतीची गाडी म्हणजे श्रीमंतानं परदेशातून आणलेली वस्तू. आता कुठल्याही गावातल्या गॅरेजमध्ये दुरुस्त होईल असं इंजिन, सगळ्यांना सारखीच गाडी, आणि फरक फक्त चालवणाऱ्याचा. नारायण कार्तिकेयन त्या गाडीतून पुढे आला आणि २००५मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. दुसरा करुण चंढोक, २०१०मध्ये, चेन्नईचा. करिवर्धन १९९५मध्ये हलक्या विमानाच्या अपघातात गेले. कोइम्बतूरचा दोन किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा आहे.

म्हणजे भारतानं फॉर्म्युला वनला आजवर दिलेले दोन्ही चालक एकाच राज्यातून आले, आणि दोघंही बुद्ध सर्किट बांधलं जाण्याआधी आले. ते सर्किट झाल्यानंतर एकही नाही. याचा अर्थ सर्किटमुळे चालक आटले असा मी काढत नाही. युरोपात एका हंगामाचा खर्च कोटींमध्ये गेला, हे खरं कारण. पण ‘जागतिक दर्जाचं सर्किट बांधा, प्रतिभा आपोआप येईल’ हा युक्तिवाद पुन्हा कुणी केला, तर त्याला ही तारखांची यादी दाखवावी.

शोलावरमचं गुणगान करताना डोळे मिटायला नकोत. तो खेळ मूठभरांचाच होता. सुरक्षिततेचे आजचे नियम लावले तर तिथली एकही शर्यत सुरू झाली नसती. आणि क्लबचा कारभार म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. जिथं सभासदत्व असतं तिथं दाराबाहेर उभे राहणारेही असतात. माझा मुद्दा एवढाच आहे, की तिथं ट्रॅक आधी वापरला गेला आणि मग बांधला गेला. नोएडात बांधला गेला आणि मग वापर शोधत बसला.

वापराचा हा शोध पुढेही चालूच राहिला. टाटांनी २०१४मध्ये तिथं चक्क ट्रकच्या शर्यती भरवल्या. मला ती कल्पना आवडली होती. टिल्केच्या नाजूक वळणांवर प्रायमा ट्रकचं धूड वळताना बघणं ही वेगळीच मजा. राष्ट्रीय शर्यतींच्या फेऱ्या झाल्या, कंपन्यांनी नव्या गाड्या पत्रकारांना चालवायला दिल्या. फेब्रुवारी २०२०मध्ये थकबाकीमुळे प्राधिकरणानं जमिनीचं वाटप रद्द केलं. मग सप्टेंबर २०२३मध्ये एकदम मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकलींची जागतिक स्पर्धा, आली. सात वर्षांचा करार, मोठमोठी भाषणं. काही स्पर्धकांचे व्हिसा वेळेत हाती पडले नाहीत. उकाडा असा, की मुख्य शर्यत २४ फेऱ्यांवरून २१वर आणली. मार्को बेझेकी जिंकला, होर्हे मार्टिन शर्यत संपताच पाणी कमी पडून कोसळला. २०२४ची शर्यत झाली नाही. हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी फेब्रुवारी २०२३मध्ये विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई झाली. वर्ष संपता संपता राज्यातलं सरकार बदललं, नव्या वर्षात दुसरी शर्यत रद्द आणि शर्यतीसाठी दिलेल्या पैशांची चौकशी सुरू. फॉर्म्युला वन तीन वर्षं, मोटोजीपी एक, फॉर्म्युला ई एक. तिन्ही खेळांना नावं ठेवायचं कारण नाही. मंत्र्यांच्या हट्टावर आलेली शर्यत मंत्र्यांबरोबर जाते, इतकंच.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं मुळीच नाही. इस्तंबूलचं सर्किट तर टिल्केच्या उत्कृष्ट कामांपैकी एक. २०११नंतर शर्यत गेली आणि ते मोटारी भाड्यानं देणाऱ्या कंपनीकडे गेलं. कोरियाचं योंगाम चार शर्यतींत आटोपलं. जर्मनीत न्युर्बुर्गरिंग १९२७पासून उभं आहे. तिथल्या राज्य सरकारनं त्याच्या शेजारी जत्रेसारखं करमणूक केंद्र बांधायचं मनावर घेतलं आणि २०१२मध्ये सगळा डोलारा दिवाळखोरीत गेला. मात्र जुना, डोंगरातला २० किलोमीटरचा ट्रॅक तेव्हाही चालू होता आणि आजही आहे, कारण तिथं कुणीही सामान्य माणूस पैसे भरून स्वतःची गाडी घेऊन एक फेरी मारू शकतो, आणि कंपन्या वर्षभर गाड्यांच्या चाचण्या घेतात. सरकारचं स्वप्न बुडालं. लोकांचा ट्रॅक तरला.

‘पण पर्यटन? पण देशाची प्रतिमा?’ असा प्रश्न येतोच. तीन दिवसांच्या हॉटेल बुकिंगसाठी दरवर्षी २००-३०० कोटी मोजणं हे पर्यटन धोरण असेल, तर तेवढ्यात रायगडापासून हंपीपर्यंतच्या स्वच्छतागृहांचा प्रश्न सुटेल. खासगी कंपनीला स्वतःच्या खिशातून फी भरून शर्यत आणायची असेल, तर खुशाल आणावी. सरकारनं तिला एक खिडकी द्यावी, सीमाशुल्काचा आणि कराचा नियम आधी लेखी सांगावा आणि बाजूला व्हावं. मी स्वतः तिकीट काढून जाईन.

महाराष्ट्राला या वादात बाजूला उभं राहून बघता येणार नाही. पुणे, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर हा देशातल्या वाहन उद्योगाचा कणा, फॉर्म्युला ईमध्ये पहिल्या हंगामापासून असलेला महिंद्राचा संघ मुंबईच्या कंपनीचा, आणि हिमालयन रॅलीसारखी स्पर्धा १९८०मध्ये उभी करणारे नाझिर हुसेनही मुंबईचेच. तरी राज्यात पूर्ण आकाराचं एकही शर्यतीचं सर्किट नाही. उद्या एखादा मंत्री समृद्धी महामार्गालगत हजार एकरांची घोषणा करील, आणि आपण टाळ्या वाजवू. त्याआधी कोल्हापूरकडे बघावं. तिथं मोहिते रेसिंगचा कार्टिंगचा, म्हणजे शिकाऊंच्या छोट्या शर्यती गाड्यांचा, छोटा ट्रॅक आहे, तिथं राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत, आणि कृष्णराज महाडिकसारखा कोल्हापूरचा मुलगा ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. मुंबईचा जेहान दारूवाला कार्टिंगमधूनच निघाला आणि २०२०मध्ये बहारीनमधल्या साखीरला, फॉर्म्युला वनच्या खालची पायरी असलेल्या फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय झाला. किलोमीटरभराच्या ट्रॅकवर एवढं निघतं.

खेड, जुन्नर, आंबेगावकडे बैलगाडा शर्यतीचा घाट, म्हणजे गाडे पळवायची वाट, बघितलाय का? तो कुणा विकासकानं बांधलेला नसतो. यात्रा गावाची, देव गावाचा, म्हणून घाटही गावाचा. बंदीच्या काळात कित्येक वर्षं शर्यत झाली नाही, तरी घाट कुणी प्लॉट पाडून विकले नाहीत. मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला, तोवर बहुतेक गावांत बारी लावणारी पोरं पुन्हा उभी होती. बैलांच्या हालांविषयीचे आक्षेप मला गंभीर वाटतात, तो वेगळा विषय. पण ट्रॅक टिकतो तो कुणामुळे, याचं उत्तर त्या घाटात आहे.

मार्च २०२५मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं बुद्ध सर्किटच्या जमिनीचं वाटप रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. त्याआधीच, जून २०२४मध्ये, मूळ कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली होती. आता मालक कुणीही होवो. त्याला त्या एक हजार हेक्टरांत घरं दिसणार, गोदामं दिसणार, आणि सर्किट म्हणजे मधली अडचण वाटणार. म्हणून प्राधिकरणानं सर्किटचा भाग बाकीच्या जमिनीपासून कागदोपत्री तोडावा आणि तो फक्त शर्यत आणि चाचणीसाठीच वापरता येईल अशी अट सातबाऱ्यावर, किंवा तिकडे जे काही असेल त्यावर, चढवावी. चालवायला द्यायची निविदा निघेल तेव्हा ‘तुम्ही कोणती आंतरराष्ट्रीय स्पर्धा आणणार’ हा रकानाच त्यात नसावा. वर्षातले किती दिवस ट्रॅक उघडा राहील, दुचाकीवाल्याला एका सत्राचे किती पैसे पडतील, राज्याबाहेरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या संघांना तो कोणत्या दरानं मिळेल, वाहतूक पोलीस आणि रुग्णवाहिकेच्या चालकांना वेगात गाडी सांभाळायचं शिक्षण तिथं मिळेल का, मार्शल आणि बचाव पथकाची शाळा कोण चालवेल, हे विचारावं. रात्री महामार्गावर मोटारसायकली पळवून मरणाऱ्या पोरांना कायद्यानं पळवायची एक जागा दिल्लीपासून तासाभरावर आहे, हे त्या पोरांना कुणी सांगितलेलंही नाही. ज्याची उत्तरं बरी, त्याला पंधरा वर्षांसाठी द्यावा, आणि दर तीन वर्षांनी दारावरची नोंदवही तपासावी.